उंचावरची जनेलं

चोर्ल्याचा घाट उतरून आमच्या साखळीला आलेले बेळगावचे पाहुणे पुढे जुन्या गोव्याला जातातच. त्यांना मी एवढंच सांगते, बॉम जीझसच्या दारात जरा थांबून मान वर करा. १६०५ सालच्या या चर्चच्या दर्शनी भागात, तिसऱ्या मजल्यावर तीन गोल खिडक्या आहेत. उजेड आत येतो, रस्ता मात्र दिसत नाही.

आपली खिडकी, कन्नडमधली किटकी, ती इथं जनेल! जुन्या गोव्यात जनेलांना काचेऐवजी पातळ शिंपले बसवत. कडक ऊनही दुधाळ होऊन उतरायचं. हा शिंपला आता कायद्यानं संरक्षित आहे. म्हणून कुणाच्या आजोळी अशी जनेलं असतील, तर भंगारात घालण्याआधी मला कळवा. बघायला नक्की येईन.