ताणण्यापेक्षा बैठका मारा

मंडळी, भातकापणी उरकली की पेण-रोहा पट्ट्यात शनिवारी रात्री कुठल्या ना कुठल्या गावात कबड्डीचे सामने चालू असतातच. गावच्या संघात दोन-तीन गडी तरी मुंबई-पनवेलहून दिवा-रोहा गाडीने आलेले. पाच दिवस खुर्चीत, सहाव्या दिवशी थेट चढाईला! मैदानात उतरण्याआधी ही मंडळी काय करतात? पायाचे अंगठे धरायचे, टाच मागे ओढून मांडी ताणायची, मान दोनदा फिरवायची. दोन मिनिटांत "चल, झालं!"

माझं स्पष्ट मत सांगू? हा प्रकार बराचसा मनाच्या समाधानासाठी असतो.

ऑस्ट्रेलियन सैन्यातल्या १५३८ नव्या जवानांवर झालेला एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांना बारा आठवडे व्यायामाआधी पायाचे स्नायू ताणायला लावले, निम्म्यांना नाही. दोन्हीकडच्या दुखापती जवळजवळ सारख्याच! फरक पडला तो दमसासाचा. धावण्याच्या चाचणीत मागे पडलेले गडी जास्त जायबंदी झाले. म्हणजे आपणच की.

कबड्डीत गुडघा जातो कसा ते आठवून बघा. चढाईवाला मध्यरेषेकडे वळतो, पाऊल जमिनीत घट्ट रोवलेलं, आणि तेवढ्यात साखळी अंगावर येते. पाऊल तिथेच, शरीर भलतीकडे, सगळा पीळ गुडघ्यात. आत एसीएल नावाचा सांधा धरून ठेवणारा बंध असतो, तो तुटतो. इथे अंगठे धरून काय उपयोग? पाय वळवताना, उडी मारून टेकताना गुडघा आत कोसळू न देण्याची ताकद आणि सवय लागते.

ती कमावता येते. फिफाने २००६ साली फुटबॉलसाठी वीस मिनिटांचा एक वॉर्म-अप तयार केला. हळू धावणं, एका पायावर तोल सांभाळणं, बैठका, उड्या, दिशा बदलून पळणं. नॉर्वेत १८९२ मुलींवर तो वापरून पाहिला, निष्कर्ष २००८ साली आले. एकूण दुखापती साधारण एक तृतीयांशाने कमी. बैठका! आपल्या आखाड्यात पिढ्यानपिढ्या मारतात त्याच. त्यातला एक व्यायाम तर कबड्डीवाल्यांसाठीच जन्माला आल्यासारखा आहे. गुडघ्यांवर उभं राहायचं, जोडीदाराने घोटे दाबून धरायचे आणि अंग ताठ ठेवून हळूहळू पुढे झुकायचं. मांडीच्या मागच्या स्नायूला जबरदस्त काम. (घोटे धरायला उत्सुक माणसं आपल्याकडे कमी नाहीत.) सुरुवात मात्र चार-पाचनेच करा, नाहीतर दुसऱ्या दिवशी चालणं मुश्किल.

ट्रेकवाल्यांनीही हसू नये. रविवारी अवचितगड करून सोमवारी ऑफिसचा जिना उतरताना "आई गं" का होतं? उतरताना मांडीचा स्नायू भार पेलत लांबत असतो, त्याची ती दुखी. आधी-नंतर ताणल्याने ती फारशी कमी होत नाही, हेही तपासून झालंय. आठवडाभर लिफ्ट सोडून जिने उतरा, त्याचा उपयोग होईल.

ताणणं अगदीच फुकट नाही हं. खुर्चीत आखडलेली कंबर मोकळी करायला, लवचिकता वाढवायला उत्तम. पण रोज घरी करा. सामन्याच्या तोंडावर एकेक स्नायू मिनिटाहून जास्त ताणून धरलात तर उलट जोर थोडा कमीच पडतो.

आणि एक. गुडघ्यात "कट्" असा आवाज आला आणि दोन-चार तासांत सूज चढली, तर मालीशवाल्याकडे नाही, हाडांच्या डॉक्टरकडे जायचं. "पुढचा सामना आहे, पट्टी बांधून खेळतो" हे तर नाहीच नाही. बंध तुटलेल्या गुडघ्यावर खेळलात तर आतली गादीही फाटू शकते. ऑपरेशन झालंच तर पुन्हा चढाईला उतरायला नऊ महिने तरी धरून चाला.