लोणावळ्याच्या बंगल्याला ‘ओपन हाऊस’ मानवेल काय?

लोणावळा : तुंगार्ली, वलवण किंवा खंडाळ्याच्या आतल्या रस्त्यांवर गंजलेल्या फाटकाला टांगलेली ‘बंगला विकणे आहे’ ही पाटी आता कोणाला थांबवत नाही. मुंबई-पुणे द्रुतगती महामार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला आणि सुट्टीच्या घराची हौस मध्यमवर्गाच्याही आवाक्यात आली. त्या काळात हौसेने बंगला घेणाऱ्यांपैकी अनेक जण आता वयाच्या सत्तरीत आहेत. गुडघे घाट चढू देत नाहीत, मुले परदेशी किंवा बंगळुरूला, आणि माळ्याचा पगार, मिळकत कर, दर उन्हाळ्यातील छपराची डागडुजी हा खर्च मात्र चुकत नाही. अशा वेळी तिकडची पद्धत पाहिलेला मुलगा किंवा मुलगी दूरध्वनीवरून सुचविते, ‘एखाद्या रविवारी ओपन हाऊस का ठेवत नाही?’

म्हणजे ठरलेल्या दिवशी, दोन-तीन तास, घराचे दार इच्छुकांसाठी उघडे ठेवायचे. वेळ आगाऊ ठरविण्याची गरज नाही. यावे, पाहावे, जावे. सूचना आकर्षक आहे. परंतु ही प्रथा ज्या व्यवस्थेवर उभी आहे, ती व्यवस्था लोणावळ्यात आहे काय, हा खरा प्रश्न आहे.

अमेरिकेत विक्रेता सामान्यतः एकाच दलालाशी लेखी करार करतो. घराची नोंद दलालांच्या सामायिक यादीत होते आणि गिऱ्हाईक दुसऱ्या कोणी आणले तरी पहिल्याचा मोबदला बुडत नाही. म्हणूनच तो निर्धास्तपणे पत्ता जाहीर करतो, पाटी लावतो, दार उघडतो. त्यातही त्याचा स्वतःचा लाभ असतो. घर पाहायला आलेल्यांपैकी बहुतेक ते घर घेत नाहीत, पण त्यांतील काही जण त्याचे पुढचे गिऱ्हाईक होतात. तेथील दलालांच्या राष्ट्रीय संघटनेने न्यायालयीन तडजोडीनंतर ऑगस्ट २०२४ पासून नवा नियम लागू केला. दलालाबरोबर घर पाहण्यापूर्वी ग्राहकाला त्याच्याशी लेखी करार करावा लागतो. स्वतःहून ओपन हाऊसला जाणाऱ्याला मात्र ही अट नाही.

लोणावळ्यातील चित्र याच्या नेमके उलट आहे. एकच बंगला चार दलालांकडे असतो, संकेतस्थळांवर तो तीन निरनिराळ्या किमतींना दिसतो आणि किल्ली रखवालदाराकडे असते. दलाली दोन्ही बाजूंकडून, साधारण एक ते दोन टक्के. खरेदीदार आणि मालक परस्पर भेटले की दलाली गेली, ही भीती सदैव उशाशी; त्यामुळे पत्ता शेवटपर्यंत झाकून ठेवणे हेच येथील दलालाचे भांडवल ठरते. त्याला रविवारी फाटक उघडे ठेवायला सांगणे म्हणजे सुगरणीला पाककृती भिंतीवर लिहायला सांगण्यासारखे आहे. ‘महारेरा’ मे २०१७ पासून आले, नोंदणीकृत प्रकल्पांत काम करणाऱ्या दलालांना नोंदणी बंधनकारक झाली. पण जुन्या स्वतंत्र बंगल्याची फेरविक्री त्या चौकटीबाहेरच राहते. तेव्हा ओपन हाऊस करावयाचे असेल तर आधी एकाच दलालाला ठरावीक मुदतीचे, लेखी काम द्यावे लागेल. ती तयारी नसलेल्या मालकाने दार उघडून फारसे काही साधणार नाही.

दुसरी अडचण वाराची आहे. ओपन हाऊस शनिवार-रविवारी भरते, कारण नोकरदार खरेदीदाराला तेवढीच सवड. लोणावळ्यात नेमके तेच दोन दिवस बंगला भाड्याने जाण्याचे, घाटात वाहनांच्या रांगा लागण्याचे आणि सहलीला आलेल्यांच्या गर्दीचे. उघड्या फाटकातून कोण आत येईल, याचा अंदाज बांधणे कठीण नाही. चिक्कीच्या पिशव्या हातात घेऊन ‘सहज पाहून जाऊ’ म्हणणारे कुटुंब काही खरेदीदार नव्हे. आठवडाभर बंद असलेल्या घराच्या खोल्या, मागचे दार आणि कुंपणाची उंची अनोळखी माणसांना दाखवणे किती शहाणपणाचे, हाही विचार करायला हवा.

याहून महत्त्वाचा आहे ऋतू. सह्याद्रीच्या माथ्यावरचा पाऊस भिंतीत मुरतो. जुलैत प्लास्टर फुगते, छपराच्या सांध्यांतून पाणी येते, उतारावरची संरक्षक भिंत पोट काढते. त्यामुळे विक्रेता दिवाळीच्या सुमारास रंग काढून, बाग फुलवून घर दाखवतो. खरेदीदाराने मात्र ते श्रावणापूर्वीच पाहावे. आपल्या छपराची खात्री असलेल्या मालकाने मुसळधार पावसातच घर दाखवले तर किमतीची घासाघीस बरीच कमी होईल. ओपन हाऊसचा एखादा खरा उपयोग या गावात असेल तर तो हाच. पण नेमका हाच दिवस निवडायला मालक कचरतो.

घर उघडून कागद मिटलेले ठेवणे तर सर्वस्वी व्यर्थ. मावळात पहिली विचारणा जमिनीच्या स्वरूपाची होते. जमीन बिगरशेती आहे काय? नसेल, तर कूळकायद्यानुसार शेतकरी नसलेल्याला ती सहजासहजी घेता येत नाही. त्यापाठोपाठ सात-बारा किंवा मिळकत पत्रिका, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, नंतर बांधलेल्या वाढीव खोलीची परवानगी. वडिलांच्या पश्चात तिन्ही भावंडांची नावे लागली आहेत काय? केवळ कुलमुखत्यारपत्रावर झालेल्या ‘विक्री’ने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच स्पष्ट केले आहे, अशा साखळीतून आलेला बंगला कितीही सुबक दिसला तरी जाणता वकील तेथेच थांबवतो. विक्रेता अनिवासी असेल तर खरेदीदाराला करकपातही नेहमीच्या एक टक्क्याऐवजी बऱ्याच अधिक दराने करावी लागते. ही गोष्ट शेवटच्या बैठकीत उघड झाली की व्यवहार अडतो.

तसे पाहता ओपन हाऊस आपल्याकडे अगदीच नाही असे नव्हे. बँका थकीत कर्जाची मालमत्ता २००२ च्या ‘सरफेसी’ कायद्यान्वये लिलावात काढतात, तेव्हा वृत्तपत्रांतील जाहीर सूचनेत राखीव किमतीबरोबर पाहणीची तारीख आणि वेळही छापतात. सर्व इच्छुक एकाच दिवशी येतात, एकमेकांना पाहतात. स्पर्धा खरी असल्याचे प्रत्येकाला समजते. मात्र विक्री ‘जसे आहे, जेथे आहे’ या तत्त्वावर, आणि म्हणून बोलीही सावध. नुसत्या प्रसिद्धीने गिऱ्हाईक मिळत नाही, याचे सर्वांत मोठे उदाहरण लोणावळ्याच्या शेजारीच आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने २०१७ मध्ये ॲम्बी व्हॅलीचा लिलाव पुकारला गेला. राखीव किंमत ३७,३९२ कोटी रुपये, चर्चा देशभर. खरेदीदार पुढे आला नाही.

लोणावळ्यापुरता व्यवहार्य मार्ग मधला आहे. दलाल एक नेमावा, किंमत एकच सांगावी, वकिलाकडून मालकी हक्काचा शोध आधीच करून घ्यावा आणि आर्थिक तयारी असलेल्या पाच-सहा कुटुंबांना आठवड्यातील एखाद्या दिवशी, अर्ध्या-अर्ध्या तासाच्या अंतराने बोलवावे. टेबलावर कागदपत्रांच्या प्रती ठेवाव्यात. त्यात दोघे जरी गंभीर निघाले तरी, महिनोन्महिने रखवालदाराला दूरध्वनी करून ‘आज कोणी आले होते का’ असे विचारण्यापेक्षा ते बरे.

त्या रखवालदाराचाही हिशेब दार उघडण्यापूर्वी व्हायला हवा. अनेक बंगल्यांत तो मागच्या खोलीत कुटुंबासह वर्षानुवर्षे राहतो. मुले येथल्याच शाळेत जातात. खरेदीदाराला घर रिकामे हवे असते. बंगला विकला गेल्यावर आपले काय, हे ज्याला कोणी सांगितलेले नाही, त्यालाच पाहायला आलेला माणूस हमखास बाजूला घेतो आणि विचारतो, ‘पावसात गळते का?’