परड्यातला दोडका

"भाजी बाजारात मिळते की! मग एवढा खटाटोप कशाला?" हा प्रश्न गेल्या दोन वर्षांत मला कितीतरी जणांनी विचारला. प्रश्न चुकीचा नाही. कडोली भागातली ताजी भाजी बेळगावच्या बाजारात येतच असते. "वीस रुपयांची मेथी पिकवायला ही दोनशे रुपयांचं शेणखत आणते," असं आमचे हे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, आणि मलाही हसावं लागतं.

तरीही आज परड्याचीच गोष्ट सांगते.

घरामागे बारा फूट रुंद, वीस फूट लांब अशी आमची जागा आहे. सासूबाईंनी, म्हणजे आमच्या अत्तेंनी, तिथे तीस वर्षं भाजी केली. त्यांचं माहेर बैलहोंगलकडचं, काळ्या मातीतलं, जोंधळ्याचं. माझं खानापूरकडचं, तांबड्या मातीतलं, भाताचं. त्या कन्नड बोलतात, मी मराठी, आणि मुलं जिच्याकडून खाऊ मिळायचा असेल तिची भाषा! मामंजी गेले आणि अत्तेंनी परड्यात जाणंच सोडलं. मागच्या दारातल्या पायरीवर बसून राहायच्या. गवत माजलं, अळूचा एक गड्डा तेवढा उरला. घरातलं आमचं बोलणंही 'ऊट आयतु?' 'आयतु' एवढ्यावर आलं होतं.

शेवटी ह्यांनी ठरवलं, की तिथे फरशी घालून गाडीला जागा करायची. गवंडी येऊन माप घेऊन गेला. अत्ते काहीच बोलल्या नाहीत. मला मात्र ते बघवेना. मी म्हटलं, "एक पावसाळा थांबा. मी करून बघते."

झालं! दोन पुस्तकं आणली, बियाणं आणलं. मिरगाचा पाऊस पडला तशी मेथी, भेंडी, दोडका टाकला, मिरचीचं तरू लावलं. आषाढातला आपल्याकडचा पाऊस पुस्तक वाचून पडत नाही. वाफे मी सपाट केले होते, पाणी साचलं. मेथी कुजली. मिरचीची रोपं बुडाशी नरम पडून एकेक करून आडवी झाली. पावसाळ्यात वाफा वीतभर उंच हवा, चर काढून पाण्याला वाट हवी, एवढी साधी गोष्ट मला रोपं मेल्यावर समजली.

भेंडी बरी वाटत होती, तर पानांच्या शिरा पिवळ्या पडू लागल्या. मी औषध शोधत होते. एका सकाळी बघते तो सहा रोपं उपटून कोपऱ्यात टाकलेली! अत्तेंचं काम होतं ते. मला राग आला. दुपारी पुस्तक काढून वाचलं, तर तो केवडा रोग. पांढऱ्या माशीमुळे पसरणारा विषाणू, रोगट झाडाला औषध नाही, दिसताक्षणी उपटणं हाच उपाय. माझा राग तिथेच जिरला.

राहिला दोडका. वेल मांडवभर पसरला, पिवळी फुलंही भरपूर, पण दोडका एक धरेल तर शपथ! बोटाएवढे व्हायचे आणि पिवळे पडून गळायचे. मी आणखी खत घातलं, आणखी पानं आली. ह्यांनी गवंड्याचा नंबर पुन्हा शोधून काढला.

एका दुपारी चहा घेऊन मी अत्तेंच्या शेजारी पायरीवर बसले आणि सरळ विचारलं, "अत्ते, दोडका का धरत नाही हो?"

त्यांनी वेलाकडे पाहिलं. म्हणाल्या, "संजीमुंदा बा." संध्याकाळी ये.

संध्याकाळी त्या काठी टेकत मांडवाखाली आल्या. दोडक्याचं फूल संध्याकाळी उमलतं, हे मला त्या दिवशी कळलं. मी रोज सकाळी पाणी घालायला जायची आणि मिटलेली फुलं बघून परत यायची! अत्तेंनी दाखवलं, ज्या फुलामागे इवलासा दोडका दिसतो ते हेण्णु हूवु, नुसत्या देठाचं ते गंडु हूवु. नराचं फूल खुडलं, पाकळ्या काढल्या आणि मादीफुलाच्या मध्यावर हलकेच टेकवलं. पावसात किडे-मुंग्या फिरत नाहीत, मग परागाचं काम आपल्याला करावं लागतं. "आणि खत बंद कर," त्या मोडक्या मराठीत म्हणाल्या, "वेलाला जास्ती खायला घातलं की पानंच करतो."

"आधी का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"नी केळलिल्ल," त्या म्हणाल्या. तू विचारलंच नाहीस.

वाचकहो, एम. ए. होऊन मी वीस वर्षं कॉलेजात शिकवते आहे, सतरा वर्षं या घरात आहे. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आठ दिवसांत चार दोडके धरले. फळमाशी कोवळ्या सालीत अंडी घालते म्हणून अत्तेंनी ते कॅलेंडरच्या जुन्या पानांत गुंडाळायला लावले. डंखलेली फळं मातीवर पडू न देता खोल पुरायला सांगितली, कारण अळी मातीत शिरून पुन्हा माशी होऊन येते. मोसमभरात अकरा दोडके निघाले. खर्च बाराशे रुपये! पहिल्या दोडक्याच्या शिरांची चटणी अत्तेंनी स्वतः केली, भाकरीबरोबर वाढली. मामंजींना ती नेहमी तिखट लागायची आणि तरी ते दोनदा मागून घ्यायचे, हे सांगता सांगता त्यांचे डोळे भरले. ते गेल्यापासून त्यांचं नाव त्यांच्या तोंडी मी पहिल्यांदा ऐकत होते.

फरशीचं काय झालं? तडजोड झाली. निम्म्या जागेत गाडी उभी असते, निम्म्यात वाफे आहेत. अत्तेंचे गुडघे आता साथ देत नाहीत. त्या खुर्चीवर बसून काठीनं दाखवतात, मी वाकते. धाकटी वहीत दोन्ही भाषांतली नावं लिहिते : दोडका – हीरेकाई, वांगं – बदनेकाई, अंबाडी – पुंडीपल्ले. यंदाही भेंडीला केवडा आलाच. पण या वेळी मीच उपटली.

कन्नडमध्ये म्हण आहे, 'हित्तल गिड मद्दल्ल', परसातल्या झाडाला कुणी औषध समजत नाही. मराठीत आपण म्हणतो, पिकतं तिथं विकत नाही. दोन्ही म्हणी मी वर्गात पुष्कळदा सांगितल्या होत्या. तुमच्याही घरी मागच्या पायरीवर कुणी बसलेलं असेल, तर आज संध्याकाळी जाऊन एखादा प्रश्न विचारा. कुंडीतल्या मिरचीबद्दल विचारलंत तरी चालेल.