सहा कृत्तिका, चार चाकं

आप्पा कुठल्याही गाडीत बसण्याआधी तिच्याभोवती एक फेरी मारतात. गेल्या ऑक्टोबरात चिपळूणहून निघून दोन विमानं बदलून ते डेन्व्हरला उतरले, तेव्हाही विमानतळाच्या पार्किंगमध्ये त्यांनी ती मारली. चारही टायरांना बुटाचं टोक लावून पाहिलं, वाकून नक्षी पाहिली आणि पुढच्या जाळीवरच्या चिन्हापाशी थांबले. निळ्या लंबगोलात एक मोठी चांदणी आणि पाच लहान.

"हे काय गं?"

"सुबारू. जपानी लोक कृत्तिकांना सुबारू म्हणतात."

त्यांनी बोट लावून चांदण्या मोजल्या. "सहा. बरोबर आहेत," म्हणाले आणि आत बसले.

कार्तिकेयाला दूध पाजणाऱ्या कृत्तिका सहा, म्हणून त्याला तोंडं सहा, हे त्यांनीच मला लहानपणी अंगणात दाखवून सांगितलं होतं. जपानी शब्दाच्या मुळाशी एकत्र येण्याचा अर्थ आहे. पाच कंपन्या मिळून एक मोठी कंपनी झाली, त्याची खूण म्हणून चिन्हात पाच लहान चांदण्या आणि एक मोठी. गाडी घेतली तेव्हा मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. आता वाटतं, गाडीचा सगळा स्वभाव त्या नावातच आहे.

माझी गाडी 2017 ची डब्ल्यूआरएक्स. चार दारांची, आटोपशीर, हातानं गिअर टाकायची. दोन लिटरचं टर्बो इंजिन, 268 अश्वशक्ती, आणि ती ताकद चारही चाकांना जाते. इथली मराठी मंडळी भेटली की दोन प्रश्न ठरलेले असतात: पिकअप कसा आहे आणि अ‍ॅव्हरेज किती देते. पिकअप उत्तम आहे. अ‍ॅव्हरेज लिटरला दहा किलोमीटरच्या आसपास, आणि पेट्रोल महागातलं लागतं. पंपावर सगळ्यात स्वस्त मिळतं ते 85 ऑक्टेनचं; हिला 91 चंच चालतं. पण गाडीविषयी मला मनापासून जे सांगायचं असतं, ते या दोन उत्तरांत येत नाही.

आधी टर्बोचं सांगते. इंजिन पेट्रोलवर चालतं असं आपण म्हणतो, पण पेट्रोल जळायला हवा लागते. डेन्व्हर समुद्रसपाटीपासून 5,280 फुटांवर, म्हणजे बरोबर एक मैल उंच आहे. इथली हवा चिपळूणच्या हवेपेक्षा साधारण 15 टक्के विरळ. साधं इंजिन त्या प्रमाणात इथं थकलेलंच असतं आणि डोंगरात शिरलं की आणखी धापा टाकतं. टर्बो बाहेर फेकल्या जाणाऱ्या गरम धुरावर एक चक्र फिरवतो आणि त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतं. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्यानं या कल्पनेचं पेटंट 1905 मध्येच घेतलं होतं. वाया जाणाऱ्या धुरातून श्वास मिळवायचा, ही कल्पना मला आजही थोर वाटते. ही चक्रं मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतात आणि त्यांचा दांडा तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. म्हणून दर दुसऱ्यांदा पेट्रोल भरताना मी डिपस्टिक ओढून ऑइल बघते. घाट चढून आल्यावर शेवटचे दोन मैल गाडी सावकाश आणते, तापलेला टर्बो निवेपर्यंत इंजिन बंद करत नाही. आप्पा एसटी चालवायचे तेव्हा घाटमाथ्यावर गाडी उभी करून इंजिन थोडा वेळ चालू ठेवायचे. ते का, हे मला इतक्या वर्षांनी कळलं.

टर्बो आणि चारही चाकांना ताकद, ही जोडी रस्त्यावरच्या गाड्यांत रुजवली ती 1980 मध्ये आलेल्या ऑडी क्वात्रोनं. तोवर रॅलीच्या चालकांनाही चार चाकांची ताकद म्हणजे जीपसारख्या जड गाड्यांचं काम वाटे. पुढच्याच वर्षी मिशेल मूतोन या फ्रेंच बाईनं क्वात्रो चालवत इटलीतली सानरेमो रॅली जिंकली. जागतिक रॅली स्पर्धेतली फेरी जिंकणारी ती पहिली स्त्री. 1985 मध्ये ती आमच्या कोलोरॅडोत आली आणि 14,115 फुटांच्या पाइक्स पीकवर, तेव्हाच्या खडीच्या रस्त्यानं, चढाईचा विक्रम करून गेली. त्या रस्त्यावरून पहिल्यांदा वर गेले तेव्हा प्रत्येक वळणावर मला तिची आठवण येत होती. गिअरची गाडी घ्यायची, हे मी त्या दिवशी ठरवलं.

पण पहिल्या हिवाळ्यात मी मोठी चूक केली. गाडीबरोबर आलेले उन्हाळी टायर बदलले नाहीत. चारही चाकं ओढतात, मग भीती कशाची, असं वाटलं. बर्फात गाडी सिग्नलवरून सुटायची तेव्हा शेजारच्या गाड्या जागेवरच चाकं फिरवत राहायच्या आणि माझा आत्मविश्वास वाढत जायचा. मग एका संध्याकाळी उतारावर ब्रेक दाबला आणि गाडी थांबलीच नाही. चौकाच्या मध्यापर्यंत घसरत गेली. समोरून कुणी येत नव्हतं, एवढंच. त्या रात्री मी धडा घेतला तो असा: चार चाकांची ताकद निघताना कामाची, थांबताना तिचा काही उपयोग नाही. ब्रेक तर प्रत्येक गाडीला चारही चाकांना असतात. थांबवतो तो टायर, आणि तापमान सात अंशांखाली गेलं की उन्हाळी टायरचं रबर कडक होऊन रस्ता धरत नाही. कोलोरॅडोचा कायदाही हे जाणतो. सप्टेंबर ते मे या काळात आय-70 महामार्गाच्या डोंगराळ भागात चारही चाकांना ताकद असलेल्या गाडीलासुद्धा टायरवर किमान 3/16 इंच, म्हणजे पावणेपाच मिलिमीटरच्या आसपास नक्षी लागते.

दुसरा धडा एका खिळ्यानं दिला. मागच्या उजव्या टायरच्या बाजूच्या भिंतीत तो घुसला. तिथलं पंक्चर काढता येत नाही. दुकानदार म्हणाला, एक नवा टाकू. संध्याकाळी फोनवर आप्पांना सहज सांगितलं, तर ते एकदम गंभीर झाले. "बाकीचे किती झिजलेत?" मी म्हटलं, तीनेक मिलिमीटर. "मग एकच नको टाकू. एसटीच्या मागच्या जोडचाकांत एक नवा आणि एक गोटा झालेला टायर कधी लावत नाहीत. नवा उंच असतो, सगळा भार एकटा घेतो आणि लवकर जातो."

माझ्या गाडीत कारण थोडं वेगळं, पण न्याय तोच. पुढच्या आणि मागच्या चाकांमध्ये ताकद अर्धी अर्धी वाटली जाते. मधल्या डिफरन्शियलपाशी सिलिकॉन तेलात बुडवलेल्या चकत्या असतात. काही पुढच्या बाजूला जोडलेल्या, काही मागच्या. पुढची चाकं बर्फात गरगरू लागली की दोन्हीकडच्या चकत्यांचा वेग वेगळा होतो, तेल तापून त्यांना धरून ठेवू लागतं आणि ताकद मागच्या चाकांकडे वळते. टायर तीन मिलिमीटर झिजला की त्याचा घेर जवळपास 19 मिलिमीटरनं कमी होतो. चालतो फार तर सहा मिलिमीटरचा फरक. झिजलेला टायर नव्यापेक्षा दर किलोमीटरला चार-पाच फेरे जास्त घेतो. कोरड्या, सरळ रस्त्यावरसुद्धा त्या चकत्यांना वाटत राहतं की कुठलं तरी चाक घसरतंय. त्या रात्रंदिवस राबतात, तापतात आणि शेवटी निकामी होतात. मी शोध घेतला, तेव्हा नव्या टायरची नक्षी यंत्रावर तासून बाकीच्या तिघांएवढी करून देणारं दुकान सापडलं. कोरा करकरीत टायर पैसे देऊन झिजवून घेताना जीव कळवळला. पण चौघांनी भार वाटून घ्यायचा तर चौघं सारखेच हवेत. एकाची कसर बाकीचे भरून काढतात ती थोड्या वेळापुरती. रोज तेच व्हायला लागलं की सगळी यंत्रणाच मोडते. घर, कचेरी, संस्था, कुठंही मला आता आधी तो न जुळणारा टायर दिसतो.

आप्पांना मी लव्हलँड पासला नेलं. 11,990 फूट. आयसेनहॉवर बोगद्यातून न जाता जुन्या रस्त्यानं गेलो. बोगद्यात मनाई असलेले इंधनाचे टँकर याच वाटेनं येतात, आणि आप्पा एकेका टँकरवाल्याकडे ओळखीचा माणूस भेटल्यासारखे बघत होते. माथ्यावर पाणी दुभंगतं: इथून पश्चिमेचं पाणी कोलोरॅडो नदीकडे आणि पूर्वेचं मिसिसिपीच्या वाटेनं मेक्सिकोच्या आखाताकडे. "म्हणजे आपला कुंभार्लीच की," आप्पा म्हणाले. अठ्ठावीस वर्षं त्यांनी चिपळूण-कराड गाडी त्या घाटातून नेली. अलीकडचा पाऊस वाशिष्ठीतून अरबी समुद्राला, पलीकडचा कोयनेतून कृष्णेला आणि थेट बंगालच्या उपसागराला.

उतरताना रस्त्यावर ताजा बर्फ होता. आप्पांना दुसऱ्याच्या गाडीत स्वस्थ बसवत नाही. वळण आलं की त्यांचा उजवा पाय समोरच्या पत्र्यावर नसलेला ब्रेक दाबतो. माझ्या भावाच्या गाडीत, टॅक्सीत, सगळीकडे. घाटाच्या तोंडाशी मी दुसऱ्या गिअरवर आले आणि ब्रेकवरचा पाय काढून घेतला. ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा, हे वाक्य त्यांच्याकडून मी शाळेत असल्यापासून ऐकत आलेय. इंजिन भरल्या आवाजात गाडीला मागं ओढून धरत होतं आणि चारही चाकं बर्फात सारखा रस्ता धरून होती. तळाशी पोचेपर्यंत मी दोनदा त्यांच्याकडे पाहिलं. आप्पा खिडकीतून खालची दरी बघत होते, आणि त्यांचा उजवा पाय जागचा हलला नव्हता.