कॉम्प्युटर घेताय? आधी त्याचा आवाज ऐका!

सध्या आपल्या होस्टेलवर एकच विषय चालू आहे. वर्गणी काढून गाण्याच्या रेकॉर्डिंगसाठी एक पी.सी. असेंबल करायचा. कल्पना झकास आहे, प्रश्नच नाही! पण मेसच्या टेबलावर फिरणारी पार्ट्सची यादी पाहिली की वाटतं, आपण गाणं रेकॉर्ड करणार आहोत की वरातीची लाइटिंग करणार आहोत? यादीत सगळ्यात महाग वस्तू ग्राफिक्स कार्ड. त्याच्या खाली रंगीत दिव्यांच्या पंख्यांचं कॅबिनेट. आणि माइक? तो सगळ्यात शेवटी, तोही "पैसे उरले तर".

माझं मत सरळ आहे. ही यादी उलटी करा.

कारण असं की, आवाज ही कॉम्प्युटरच्या दृष्टीने फार हलकी गोष्ट आहे. आकडेच बघा. सेकंदाला 48,000 नमुने, प्रत्येक नमुना 24 बिटचा, म्हणजे एका ट्रॅकला मिनिटाला साधारण 8.6 एमबी. आठ ट्रॅकचं पाच मिनिटांचं गाणं 350 एमबीच्या आत बसतं. यात ग्राफिक्स कार्डाला काहीच काम नाही. ते नुसतं गरम होणार, आणि ते गरम झालं की पंखा ओरडणार. तो पंखा तुमच्या गाण्यात कायमचा जाऊन बसतो, नंतर कितीही सॉफ्टवेअर लावा!

मग मशीनमध्ये बघायचं काय? पहिली गोष्ट प्रोसेसर. एका ट्रॅकवर लावलेले इफेक्ट एकामागून एक चालतात, म्हणून नुसते कोअर मोजू नका, एका कोअरचा वेग बघा. प्रोसेसरमध्येच ग्राफिक्स असलेला घ्या. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी 'एफ' असतं त्यात ते नसतं, आणि मग कार्ड गळ्यात पडतंच. रॅम 16 जीबी, आठ-आठच्या दोन पट्ट्यांत. डिस्क एसएसडी, कारण त्यात फिरणारं काही नाही, म्हणजे आवाजही नाही. पंखे मोठे आणि हळू फिरणारे. आणि बोर्डाला अर्थिंग नीट आहे ना ते आधी तपासा, नाहीतर 50 हर्ट्झची घूं-घूं प्रत्येक गाण्यात तानपुऱ्यासारखी वाजत राहील.

दुसरी गोष्ट उशीर, म्हणजे लेटन्सी. बफर 1024 नमुन्यांचा ठेवला तर आत जाताना 21 मिलिसेकंद आणि बाहेर येताना 21, म्हणजे गाणाऱ्याला हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज 42 मिलिसेकंद उशिरा येतो. तेवढ्या वेळात हवेतून आवाज चौदा मीटर जातो. म्हणजे तुम्ही कॉरिडॉरच्या एका टोकाला गाताय आणि दुसऱ्या टोकाला उभे राहून ऐकताय असा प्रकार! ताल सुटणारच. बफर 128 वर आणला की हाच हिशोब साडेपाच मिलिसेकंदांच्या आत येतो. पण त्यासाठी चांगला ऑडिओ इंटरफेस आणि त्याचा नीट ड्रायव्हर लागतो. कंडेन्सर माइकला लागणारे 48 व्होल्टही त्या इंटरफेसमधूनच मिळतात. म्हणून म्हणते, कार्डाचे पैसे इथे घाला.

आता कोणी म्हणेल, "अगं पण त्याच मशीनवर गेमिंग होईल, थ्रीडीचे प्रोजेक्ट होतील, वर्गणी सगळ्यांची आहे ना!" मुद्दा खोटा नाही. पण असेंबल करण्याचा फायदा तोच तर आहे. मदरबोर्डवर कार्डाची जागा मोकळी ठेवा, एसएमपीएस थोडा जास्त ताकदीचा घ्या. पुढच्या वर्षीच्या बॅचला हवं तर त्यांनी कार्ड टाकावं. पंख्याचा आवाज मिसळलेलं गाणं मात्र पुढच्या वर्षी दुरुस्त होत नाही.

खोलीचं म्हणाल तर आपल्याकडे फोमपेक्षा भारी वस्तू आहे, गोधडी! दोन-तीन जाड गोधड्या भिंतीवर टांगल्या की खोलीचं घुमणं बरंच कमी होतं. कार्डिऑइड माइकला पाठीमागचं कमी ऐकू येतं, म्हणून त्याची पाठ मशीनकडे करा आणि मशीन जितकं लांब ठेवता येईल तितकं ठेवा.

आता मूळ मुद्दा. हे मशीन कोणाचा आवाज टिपणार? गॅदरिंगची गाणी होतीलच. पण आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या घरी जात्यावरच्या ओव्या येणारी आजी आहे. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, शाळेत पियानोवर इंग्लिश प्रार्थना म्हटल्या. ओवी मला आधी मराठीच्या पुस्तकात भेटली आणि नंतर आजीच्या तोंडून. पुस्तकात चाल नव्हती.

हे काम आपल्या महाराष्ट्रात मोठ्या प्रमाणावर झालेलं आहे. हेमा राईरकर आणि गी पॉटवॅं यांनी गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. नंतर बर्नार्ड बेल हा फ्रेंच संशोधक त्यांच्याबरोबर आला. तो संगीताचा अभ्यासक, आणि कॉम्प्युटरचाही माणूस. त्याने डेटाबेस उभा केला आणि शंभर तासांहून जास्त रेकॉर्डिंग जमा झालं. 2017 पासून 'परी' या वेबसाइटवर या ओव्या लोकांना ऐकायला मिळतात. आता आपला हिशोब लावा. आपल्या मशीनवर शंभर तासांचा एक ट्रॅक 52 जीबीत मावतो. म्हणजे जागेची अडचण कधीच नव्हती. अडचण वेळेची आहे. जातं घराघरांतून गेलं, पिठाची गिरणी आली, आणि ओवी ज्यांना येते त्या बायका आता सत्तरी-ऐंशीच्या आहेत.

जात्याची घरघर रेकॉर्डिंगमध्ये आली तर येऊ द्या, ती ओवीचीच आहे. पंख्याची घरघर कोणाचीच नाही.

तेव्हा संभाजीनगरला पार्ट्स आणायला जाण्याआधी यादी पुन्हा लिहा. वर माइक, मग इंटरफेस, मग शांत चालणारं मशीन, आणि दिवे शेवटी, पैसे उरले तर! आणि देवगाव रंगारीत मशीन पोचेपर्यंत हात बांधून बसू नका. येत्या सुट्टीत घरी गेलात की मोबाइलवरच दहा ओव्या टिपून आणा. आजीचं नाव, गाव आणि तारीख लिहायला विसरू नका. पी.सी. पुढच्या महिन्यातही घेता येईल.