रोम कोणी बुडविले?



रोमचे साम्राज्य का बुडाले, असे कोणी विचारले तर शाळेपासून पाठ झालेले उत्तर आपल्या ओठांवर तयार असते : उत्तरेकडून रानटी टोळ्या आल्या आणि त्यांनी रोम लुटले. दुसरे एक उत्तर याहून घातक आहे. रोमने परक्यांना नागरिक करून घेतले, हलक्या कुळांना मोठ्या जागा दिल्या, रक्ताची शुद्धता गमावली आणि म्हणून ते लयास गेले, असे सांगणारे पंडित युरोप-अमेरिकेत होऊन गेले आहेत. हे उत्तर साफ खोटे आहे, असे आमचे स्पष्ट म्हणणे आहे. रोम चढले ते दरवाजे उघडल्यामुळे, आणि आतून पोखरले गेले ते माणसाला जन्माच्या खुंटीला बांधल्यामुळे. पुरावा आपणच तपासून पाहा.

आरंभीच्या रोममध्ये दोन वर्ग होते. पॅट्रिशियन म्हणजे कुलीन आणि प्लेबियन म्हणजे सामान्य. रणांगणावर प्लेबियनाने मरावे. परंतु अधिकारपद, पुरोहितपद आणि कायद्याचे ज्ञान मात्र पॅट्रिशियनांच्या घरी राहावे, अशी ती व्यवस्था होती. कर्ज फिटले नाही तर ऋणको धनकोचा बंदा होई. परंपरा सांगते की, इ. स. पू. ४९४ मध्ये प्लेबियनांनी तलवार न उपसता शहर सोडले आणि ते जवळच्या टेकडीवर जाऊन बसले. कुलीनांना आपले सैन्यच निघून गेल्याचे दिसले. तेव्हा प्लेबियनांना ट्रिब्यून नावाचे स्वतःचे लोकाधिकारी मिळाले. इ. स. पू. ४५१-४५० मध्ये कायदा लेखी झाला. त्याच कायद्यात दोन वर्गांतील विवाहाला बंदी होती, ती ४४५ मध्ये उठविण्यात आली. ३६७ मध्ये कॉन्सल हे सर्वोच्च पद प्लेबियनांना खुले झाले. यांतील एकही हक्क कोणी दान म्हणून दिलेला नाही. प्रत्येक हक्क झगडून घ्यावा लागला.

पण पद खुले झाले म्हणजे सत्ता हाती आली काय? नाही. इ. स. पू. ३२७ मध्ये मार्कस क्लॉडियस मार्सेलस हा प्लेबियन डिक्टेटर नेमला गेला, तेव्हा शकुन पाहणाऱ्या पुरोहितांनी त्याची नेमणूक सदोष ठरविली आणि त्याला पद सोडावे लागले. शकुन कोण पाहत होते? पॅट्रिशियन! देवाच्या नावाने माणसाचा हक्क काढून घेण्याची ही युक्ती आपल्याला काय नवीन आहे? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जातिप्रथेच्या निर्मूलनावरील १९३६ च्या आपल्या निबंधात रोमच्या प्लेबियनांचा दाखला दिला तो याच कारणासाठी. धर्मसत्ता ज्यांच्या हाती राहते ते राजकीय हक्क पोकळ करू शकतात, हे त्यांना दाखवावयाचे होते. अखेर इ. स. पू. ३०० मध्ये पुरोहितपदे प्लेबियनांना खुली झाली आणि २८७ मध्ये त्यांच्या सभेचे ठराव सर्वांवर बंधनकारक झाले.

घरचा दरवाजा असा उघडल्यावर रोमने तो बाहेरच्यांसाठीही टप्प्याटप्प्याने उघडला. जिंकलेल्या कित्येक नगरांना त्याने पूर्ण वा अर्धे नागरिकत्व दिले. त्याचे फळ इ. स. पू. २१६ मध्ये दिसले. कॅनीच्या रणात हॅनिबलने रोमचे प्रचंड सैन्य कापून काढले. कॅपुआसारखी काही शहरे फुटली. परंतु लॅटिन नगरे रोमच्या बाजूने उभी राहिली आणि रोम वाचले. इ. स. ४८ मध्ये गॉलच्या प्रमुखांना सिनेटमध्ये घ्यावे की नाही, असा वाद उभा राहिला. तेव्हा सम्राट क्लॉडियसने विरोधकांना बजावले की, स्पार्टा आणि अथेन्स नष्ट झाली ती जिंकलेल्यांना परके मानल्यामुळे. पुढे स्पेनमध्ये जन्मलेला ट्रेजन आणि उत्तर आफ्रिकेत जन्मलेला सेप्टिमियस सेव्हेरस हे सम्राट झाले. यांनी रोम दुबळे केले काय? ट्रेजनच्याच कारकिर्दीत साम्राज्याचा विस्तार कळसाला पोहोचला होता!

रोमची आरती ओवाळण्याचा मात्र आमचा हेतू नाही. त्याच्या वैभवाखाली लक्षावधी गुलामांची हाडे गाडलेली आहेत. शेतकऱ्यांना जमीन मागणाऱ्या टायबेरियस ग्राकसला इ. स. पू. १३३ मध्ये सिनेटरांच्या जमावाने ठार मारले. स्पार्टाकसचे बंड इ. स. पू. ७१ मध्ये चिरडल्यावर सहा हजार बंदिवानांना कॅपुआ ते रोम या रस्त्यावर क्रुसावर टांगण्यात आले. गुलामांसाठी रोमचा दरवाजा किलकिला होता, शेतकऱ्यांसाठी तो मिटत चालला होता. ऱ्हासाचे बीज येथेच पडले.

इ. स. २१२ मध्ये सम्राट कॅराकॅलाने साम्राज्यातील जवळजवळ सर्व स्वतंत्र रहिवाशांना नागरिक केले. पण तोवर ‘नागरिक’ हा शब्दच पोकळ होत चालला होता. कायद्याने लोकांचे ‘प्रतिष्ठित’ आणि ‘क्षुद्र’ असे दोन भाग केले होते. एकाच गुन्ह्याला प्रतिष्ठिताला हद्दपारी, तर क्षुद्राला खाणीतील मजुरी किंवा हिंस्र पशूंचा जबडा! तिसऱ्या शतकातील यादवी, रोगराई आणि नाण्यांतील चांदीची घट यांनी राज्य खिळखिळे झाले. कर आणि धान्य वसूल व्हावे म्हणून राज्यकर्त्यांनी माणसालाच जागच्या जागी बांधले. भटारखानेवाल्याच्या मुलाने भटारखानाच चालवावा, नगरसभासदाच्या मुलाने नगरसभेचाच भार वाहावा. ३३२ च्या कॉन्स्टंटाइनच्या कायद्याने, पळून जाण्याचा बेत करणाऱ्या कुळाला बेड्या घालण्याची मुभा जमीनदाराला दिली. सुमारे ३७० मध्ये प्रांतीय रहिवासी आणि ‘रानटी’ यांच्यातील विवाहाला देहदंड ठरविण्यात आला. जी विवाहबंदी उठवून रोम वाढीला लागले होते, तीच आठ शतकांनी दुसऱ्या वेषात परत आली. बापाचा धंदा मुलाच्या कपाळी मारणारा हा कायदा वाचताना आपल्याला कशाची आठवण होते, हे आम्ही सांगण्याची गरज नाही.

आता त्या ‘रानटी’ टोळ्यांकडे पाहा. ३७६ मध्ये हूणांच्या भयाने गॉथ लोक डॅन्यूबकाठी आश्रय मागत आले. रोमन अधिकाऱ्यांनी त्या भुकेल्यांना कुत्र्यांचे मांस देऊन मोबदल्यात त्यांची माणसे गुलाम म्हणून घेतली. दोनच वर्षांनी एड्रियानोपलच्या रणात त्याच गॉथांनी सम्राट व्हॅलेन्सचे सैन्य बुडविले आणि सम्राटही पडला. ४०८ मध्ये रोमच्याच सेवेतील परक्या सैनिकांच्या बायकामुलांची इटलीच्या शहरांत कत्तल झाली. ते सैनिक अलारिककडे गेले, आणि रोममधील हजारो गुलामही त्याच्या छावणीत पळून गेले. ४१० मध्ये रोम लुटले गेले. लुटणाऱ्यांत रोमनेच लाथाडलेली माणसे होती!

४४९ मध्ये अटिलाच्या छावणीत गेलेल्या प्रिस्कस या वकिलाने एक प्रसंग लिहून ठेवला आहे. तेथे त्याला हूणांच्या वेषातील एक ग्रीक व्यापारी भेटला. तो युद्धात पकडला गेला होता, पुढे मुक्त झाला. पण परत जाण्यास तयार नव्हता. रोमच्या राज्यात कर असह्य आहेत, श्रीमंत गुन्हेगार सुटतो आणि गरिबाला न्यायासाठीही पैसे मोजावे लागतात, असे त्याचे गाऱ्हाणे होते. प्रिस्कसने रोमच्या कायद्यांची बाजू मांडली, तेव्हा त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आले. कायदे चांगले आहेत, पण राबविणाऱ्यांनी ते नासविले, असे तो म्हणाला. ४७६ मध्ये पश्चिमेचा शेवटचा सम्राट पदच्युत झाला, तेव्हा त्याच्यासाठी सामान्य माणूस उठला नाही. तो का उठावा?

कोणी म्हणेल, हेच कायदे पूर्वेकडेही होते, मग कॉन्स्टंटिनोपल १४५३ पर्यंत कसे टिकले? प्रश्न रास्त आहे. पूर्वेला अभेद्य तटबंदी होती, इजिप्तचे धान्य होते, धनाढ्य नगरे होती. पश्चिमेने ४३९ मध्ये कार्थेज गमावले आणि आपला मोठा महसूलही गमावला. केवळ एका कारणाने साम्राज्ये बुडत नाहीत, हे आम्ही मान्य करतो. पण तट कोसळला आणि तिजोरी रिकामी झाली म्हणजे राज्याजवळ एकच बळ उरते : हे राज्य माझे आहे असे मानणारी माणसे. कॅनीनंतर रोमजवळ ती होती. ४७६ मध्ये नव्हती.

म्हणून वाचकहो, परके आत आल्यामुळे रोम बुडाले असे कोणी सांगू लागला, तर त्याला उलट विचारा : आपल्याच माणसांना परके कोणी केले?