हाय-फ्रिक्वेन्सी व्हेंटिलेटर : निवेदनात नेमकं काय मागायचं?

सरकारी रुग्णालयासमोर आपली पोरं आंदोलनाला बसली की निवेदनातली पहिली मागणी ठरलेली असते : व्हेंटिलेटर वाढवा. आता तर 'हाय-फ्रिक्वेन्सी' हा शब्दही कानावर येऊ लागला आहे. खासगीत श्रीमंतांना हे मशीन मिळतं, मग आमच्या माणसाला का नाही, हा प्रश्न रास्तच आहे. पण मागण्याआधी ते तपासायला हवं.

साधा व्हेंटिलेटर प्रौढ रुग्णाला मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास देतो, गंभीर अवस्थेत त्याहून जास्त. हाय-फ्रिक्वेन्सी ऑसिलेटर सेकंदाला ३ ते १५ वेळा हवा थरथरवतो, म्हणजे मिनिटाला १८० ते ९०० वेळा. प्रत्येक झोत अगदी चिमूटभर. त्यामागचं तर्कशास्त्र पटण्यासारखं होतं. न्यूमोनिया किंवा जंतुसंसर्गाने फुफ्फुसं ताठर झाली (डॉक्टर याला एआरडीएस म्हणतात) की मोठा श्वास वायुकोशांना इजा करतो. २००० साली अमेरिकेतल्या चाचणीत किलोमागे १२ मिलीऐवजी ६ मिलीचा श्वास दिला, तर मृत्यूचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून ३१ वर आलं. मग श्वास आणखी लहान केला तर आणखी जीव वाचतील, नाही का?

नाही वाचले. २०१३ साली 'ऑसिलेट' चाचणीचे निष्कर्ष आले. पाच देशांतल्या या चाचणीत भारतही होता. ऑसिलेटरवरचे ४७ टक्के रुग्ण रुग्णालयात दगावले, नेहमीच्या व्हेंटिलेटरवरचे ३५ टक्के. ५४८ रुग्णांनंतर चाचणी मध्येच थांबवावी लागली. फुफ्फुसात सतत जास्त दाब राहिला की हृदयाकडे रक्त कमी परततं, रक्तदाब घसरतो, गुंगीची औषधंही जास्त लागतात. ब्रिटनच्या 'ऑस्कर' चाचणीत तोटा दिसला नाही, पण फायदाही नाही.

तर्काला पटतं एवढ्यावरून काही मानू नका, असं तथागतांनी कालामांना सांगितलं होतं. इथे तर पटणारा तर्क जीवावर बेतला.

त्याच वर्षी फ्रान्समधल्या 'प्रोसेव्हा' चाचणीचे निष्कर्ष आले. गंभीर रुग्णांना दिवसातले किमान १६ तास पालथं झोपवलं. २८ दिवसांतले मृत्यू ३२.८ टक्क्यांवरून १६ वर आले. यासाठी नवं मशीन लागत नाही. नळ्या सांभाळत रुग्णाला उलटवणारे चार-पाच प्रशिक्षित हात लागतात. आणि सरकारी अतिदक्षता विभागात नेमके तेच हात कमी असतात.

ऑसिलेटर निरुपयोगी आहे असं नव्हे. नवजात बालकांत, साधा व्हेंटिलेटर पुरा पडत नसेल तेव्हा, तो आजही वापरतात. पण तिथे अनुभवी डॉक्टर, क्ष-किरण आणि रक्तातल्या वायूंची तपासणी चोवीस तास हाताशी लागते. हे नसलेल्या ठिकाणी मशीन दिलं तर फक्त उद्घाटनाचा फोटो मिळेल.

२०२१ चं उदाहरण मराठवाड्यातल्या कार्यकर्त्यांना आठवत असेल. घाटी रुग्णालयाकडे आलेल्या १५० व्हेंटिलेटरपैकी वापरायला काढलेले ११३ सदोष असल्याची बाब मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठासमोर आली. यंत्रं ठीक आहेत, चालवणाऱ्यांना चालवता येत नाहीत, असं केंद्राचं म्हणणं होतं. दोन्ही बाजू ऐकल्या तरी रुग्णाच्या पदरात काय पडलं, ते उघड आहे.

म्हणून निवेदनात मशीनच्या संख्येखाली आणखी ओळी हव्यात. एका परिचारिकेमागे अतिदक्षता विभागातले किती रुग्ण? रात्रपाळीला व्हेंटिलेटर हाताळणारा डॉक्टर कोण? देखभालीचा करार कुणाशी, तो कधी संपतो? बंद पडलेली यंत्रं किती दिवस बंद आहेत? हे सगळं माहिती अधिकारात मागता येतं. आणि रुग्ण आजच अत्यवस्थ असेल, तर जवळचं धर्मादाय रुग्णालय गाठा. उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार तिथे १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. नकार मिळाला तर तो लेखी मागा आणि धर्मादाय आयुक्त कार्यालयात तक्रार द्या.